ट्रकचे पाटे

चौदा वर्षं पलटणीत गाड्या दुरुस्त केल्या, असं आकाराम कुंडलात छाती काढून सांगायचा. त्यातली नऊ वर्षं चाकांत हवा भरण्यात गेली, हे फक्त त्यालाच ठाऊक. पण मिशी हवालदाराची होती, त्यामुळं गाव ऐकून घ्यायचं.

लग्नात त्याचे सासरे जोतीराम म्हणाले होते, "सोताच्या गाडीतनं लेकीला कोयनानगरला आणा जावईबापू, मगच मी तुमच्या दारात पाय ठेवीन." थट्टेतलं बोलणं, पण म्हातारा हट्टाला पेटला. अकरा वर्षं झाली, आला नाही. दर दिवाळीला आकारामाची बायको शालूबाई बापाच्या वाटेकडं बघत बसायची.

म्हणून त्यानं मिलिटरीच्या लिलावातली मोडकी जीप आणली. वर्षभर खपून इंजिन उघडलं, जोडलं, उरलेले दोन नट गुपचूप खिशात घातले. हिरवा रंगही दिला. इथवर ठीक. पण ऊस पिकवणाऱ्याचं डोकं ते! गाडी आहे तर ऊसही वाहिलाच पाहिजे. त्यानं जीपचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, काढले आणि ओझ्याशिवाय न दबणारे सांगलीच्या भंगारातले ट्रकचे जाडजूड पाटे ठोकले.

मग शालूबाईला बसवून तो कोयनानगरला निघाला. बिनओझ्याची जीप कऱ्हाडपर्यंत अशी उधळली, की दर खड्ड्याला शालूबाईचं डोकं टपावर.

"आवं, जीप हाय का खोंड?"

"वजन पायजे गं," म्हणून आकारामानं नदीकाठचे दगड भरले. जीप गरीब गाईसारखी चालू लागली. मिशीला पीळ देतोय तोच पाटणच्या पुढं, कोयनानगरच्या तोंडाशी, शेवटचा चढ लागला आणि इंजिन धापा टाकू लागलं. दगड काढावेत तर उधळणार, ठेवावेत तर चढणार नाही. शाब्बास रं मेकॅनिक!

ओझं कमी व्हावं म्हणून शालूबाईच खाली उतरली. "व्हा म्होरं. मी येते चालत."

जोतीराम दारातच उभे होते. जीपमधनं जावई आला, दगड आले. लेक धुळीनं माखल्या पायांनी मागनं आली. म्हाताऱ्यानं गाडीला एक फेरी मारली.

"जावईबापू, दगडं लय जपून आणलीसा."

आकारामानं मिशीवरचा हात खाली घेतला. शेवटी त्याचं त्यालाच हसू फुटलं. "काय करू मामा? लेकीला पाय हायती, दगडांस्नी न्हाईत. हरलो मी."

म्हाताऱ्यानं लेकीच्या पायांकडं बघितलं. मग आत जाऊन पटका बांधून आला, हातात पिशवी.

"उतरवा ती दगडं," तो म्हणाला. "कुंडलपतूर उतारच हाय. वजनाला मी बसतो."