दारातल्या चपला

चिंचपाड्याच्या दवाखान्यात नव्याने आलेल्या नर्सबाया मोबाइलवर चर्च शोधतात, म्हणून प्रतिभाने गावच्या चर्चची वेबसाइट नव्याने करायला घेतली. रविवारी उपासना चालू असताना तिने बाहेरून दाराचा फोटो काढला. तो बघून तिची सासू जसोदाबाई भडकली.

"अगं, हे तर बंद पडलेलं गोदाम वाटतंय! पाहुणा दारावरूनच परत फिरेल."

"आई, आत सगळं गाव बसलं होतं. फोटो नीटनेटका यावा म्हणून साऱ्यांच्या चपला मागच्या भिंतीआड कोणी नेऊन टाकल्या?"

जसोदाबाईने पदर तोंडाला लावला. तो उद्योग तिचाच होता.

पुढच्या रविवारी मंडळी अनवाणी आत गेली, तशी ती पायरीपाशी उकिडवी बसली. चिखलाच्या, तुटक्या बंदाच्या साऱ्या चपला तिने पुटपुटत दारात मांडल्या. उंबऱ्याला लागून मात्र एका जोडापुरती जागा मोकळी ठेवली.

"काढ आता फोटो."

"तिथे रिकामं दिसतंय, आई. तुमच्या चपला ठेवू का?"

"खबरदार! नवीन येईल तिने काय रस्त्यात काढायच्या?"