हॉर्नला ओठ नसतात

डॉक्टरांच्या गाडीने तिसऱ्यांदा हॉर्न दिला, तरी नत्थू फाटकाकडे पाठ करून पाला झाडत राहिला. शेवटी डॉ. मार्तंड देशकर स्वतःच उतरले, फाटक उघडले आणि त्याच्या समोर येऊन उभे राहिले.

"ऐकू येत नाही का?"

"येते ना, डाक्टरसायब!" नत्थू हसून म्हणाला.

हे अर्धेच खरे होते. समोर उभा राहून कोणी बोलले, तर नत्थूला शब्द न् शब्द कळे. पण हॉर्नला ओठ नसतात.

बावीस वर्षे तो कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होता. शेकडो साचे एकदम धडधडत, तिथे ओरडून काही उपयोग नसे. विणकर नुसते ओठ हलवत आणि पलीकडचा पाहून समजून घेई. चहाचे निरोप, मुकादमाला शिव्या, पोरींच्या सोयरिकीसुद्धा अशाच ठरत. गिरणीने कान नेले, आणि मागच्या दिवाळीला ती स्वतःही बंद पडली. मग त्याने भाजीची गाडी लावून पाहिली. गिऱ्हाईक मागून भाव विचारी, उत्तर येत नाही म्हणून पुढे जाई. धंतोलीतल्या या दवाखान्यात चौकीदारी मिळाली, त्याला आज तिसरा दिवस.

"कानाचं सांगून द्या ना त्याईले," बायको सिंधूताई म्हणाली होती. "खोटं काहून बोलता?"

"सांगतलं तर ठेवते कोन?"

कीर्तनात नत्थू अगदी बुवांच्या पायाशी बसे. लोक म्हणत, केवढी भक्ती! भक्ती होतीच; पण मागे बसले तर बुवांचे ओठ दिसत नसत. एकदा पूर्वरंगात बुवा म्हणाले, देवाला हाक ऐकू यायला आवाज लागत नाही. नत्थू खूश होऊन घरी आला. देवही आपल्याच खात्यातला निघाला, असे त्याला वाटले.

दुपारी डॉक्टरांनी बोलावले. "नत्थूजी, तीन दिवसांत पाचदा झालं. उद्या एखादा अत्यवस्थ पेशंट फाटकाबाहेर अडकला तर? दुसरं काम बघा."

"बरं," म्हणून तो चौकीदारीची शिट्टी परत करायला वरच्या वॉर्डात लतिका सिस्टरकडे गेला.

सिस्टर खापा गावच्या अंजनाबाईंपाशी होती. घशाचे ऑपरेशन झाले तेव्हा आवाज गेला होता; मानेत नळी होती. चार दिवस बाई ओठ हलवत होत्या आणि मुलगा, रुपराव, पाटी पुढे धरत होता. पण त्यांना अक्षर कुठे येत होते?

"दुखतं का, आजी? उशी उंच करू?"

बाईंनी कॉटवर हात आपटला.

"माय चिडून राहिली जी," रुपराव रडकुंडीला आला. "माया हातून काय चुकलं, समजूनच नाही राहिलं."

"चिडून नाही राहिली गा," नत्थू दारातूनच बोलला. "म्हनते, रुपराव, चार दिवसापासून चिवड्यावर काहून जगून राहिला? घरी जाय. कबरी व्याले झाली, तुही बायको एकटी घाबरन."

"कबरी कोण?" सिस्टरने विचारले.

"आमची गाय," एवढेच म्हणून रुपरावने आईच्या पायांवर डोके ठेवले. बाईंचे ओठ पुन्हा हलले.

"आता काय म्हनते?" रुपरावने मान वर करून विचारले.

"रडू नोको येड्या, बस चुकन."

वॉर्ड हसला. डॉक्टर कधीचे मागे उभे होते; ते आता नत्थूच्या समोर आले.

"म्हणजे सकाळी हॉर्न खरंच ऐकू आला नव्हता."

"नाही, सायब. कान गिरनीतच राहिले."

"सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं ठेवलं असतं?"

नत्थूने शिट्टी टेबलावर ठेवली. "चौकीदार मी बेकार हाओ. ते काम दुसऱ्याले द्या, मले इथं ठेवा. बावीस वर्सं हेच केलं." आवाजात विनवणी नव्हती. जुन्या विणकराने चांगला साचा मागावा, तसे त्याने मागितले.

"उद्या आठला या."

"उद्या काहून? त्या तीन नंबरच्या भाऊले आताच बोलाचं आहे."

तीन नंबरच्या कॉटवर कोराडीचा शालिकराम होता, कोळशाचा ट्रक चालवणारा. त्याच्याही मानेत नळी. रोजच्या फेरीत डॉक्टर त्याला हात हलवून, "छान, छान," म्हणत पुढे जात. नत्थू त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. शालिकराम ओठ हलवत सावकाश बोलला. नत्थूचे हसू हळूहळू मावळले, पण त्याने एक शब्दही गाळला नाही.

"म्हनतात, डाक्टरसायब, मी वाचतो का? घरचे सारे मले पाहून उगाच हसून राहिले, म्हून तुमाले विचारतो. खरं सांगा."

डॉक्टरांनी स्टूल ओढले आणि ते शालिकरामजवळ बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बोलायला त्यांनी तोंड उघडले, तसा नत्थू वळला आणि खिडकीपाशी गेला. खाली रस्त्यावर सायकलरिक्षा चालल्या होत्या. डॉक्टरांचे सांगणे होईपर्यंत तो तसाच पाठमोरा उभा राहिला.