अर्धं टोपण

पिंपळवंडीत आमच्या आळीत कुणाला शिंक आली तरी ते आधी माझ्या दारात यायचं. फडताळात माझा गोळ्यांचा डबा असायचा. कुणाच्या दाढेच्या उरलेल्या, कुणाच्या बाळंतपणातल्या. बरं वाटलं की राहिलेल्या गोळ्या डब्यात. चांगल्या वस्तू टाकायच्या कशाला? रिकाम्या पट्ट्यासुद्धा मी जपून ठेवायचे, म्हणजे मेडिकलमध्ये दाखवून तशीच दुसरी आणता येते. शिकले चौथीपर्यंत, पण अंजनाबाई रंगावरून गोळी ओळखते, असं बायका म्हणायच्या. मलाही ते गोड लागायचं.

दिवाळीनंतर सुनेला, शीलाला, लघवीला जळजळ सुरू झाली. टोमॅटोच्या तोडणीला दिवसभर रानात आडोसा नसतो, म्हणून आमच्याकडच्या बायका पाणीच पीत नाहीत. हे दुखणं घरोघर आहे, पण कुणी तोंडातून काढत नाही. मी तिला लाल-काळ्या कॅप्सूल दिल्या. तीन घेतल्या, जळजळ थांबली, उरलेल्या डब्यात. महिन्यानं परत सुरू. मग दोन दिवस पिवळ्या. परत थांबली, परत आली. या तिसऱ्या वेळी डबा तळाला गेला, तशी मी चौकात जिनेशच्या मेडिकलला गेले.

"मावशी, डॉक्टरची चिठ्ठी आणा. तशा न्हाई द्यायच्या आता."

"तुझ्या बापानं कधी चिठ्ठी मागितली न्हाई. तूच लई कायद्याचा निघालास!"

"बाप द्यायचा, मीबी द्यायचो. आता न्हाई देत. शिव्या द्या, पण चिठ्ठी आणा."

शिव्या दिल्या आणि घरी आले. तळाच्या दोन गोळ्या शीलाला दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात शेणाच्या पाटीसकट मटकन खाली बसली. थंडीनं दात वाजत होते आणि अंग तव्यासारखं. माझ्या लेकानं, संपतनं, गाडी काढली आणि नारायणगावच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी पाठीवर हलकेच थाप मारली तशी शीला कळवळली.

"इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. लघवी तपासायला पाठवते. कोणतं औषध लागू पडेल ते कळायला तीन दिवस लागतात. तोवर अंदाजानं इंजेक्शन देते. आधी काही गोळ्या घेतल्यात का?"

शीलानं माझ्याकडं पाहिलं. "न्हाई मॅडम. काहीच न्हाई."

माझी लाज राखली पोरीनं. आणि मी ती राखू दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप हलला नाही. शीलाच्या ओठांची सालं निघाली होती, हाक मारली तरी ओ देईना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे औषध लागू पडत नाही असं दिसतंय. इन्फेक्शन रक्तात गेलं तर पुण्याला हलवावं लागेल."

बाहेर बाकावर संपत डोकं धरून बसला. "औषध लागू पडंना म्हणजे काय, आई? मागल्या साली आपल्या टोमॅटोवरच्या अळीचं झालं, तसंच झालं की हे."

मी जागच्या जागी उभी राहिले. मागल्या साली यानं औषध पुरवून वापरायला फवारणीच्या पंपात अर्धंच टोपण टाकलं होतं. अळी मेल्यासारखी झाली, आठ दिवसांत दुपटीनं आली, आणि मग पुरं टोपण टाकलं तरी ढिम्म. तोडणीच्या बायकांदेखत मी त्याला झापलं होतं, "गाढवा, अर्धं मारून सोडलं की जगलेली अळी औषध पचवायला शिकते!" तेव्हा ते बरोबरच बोलले होते. आणि घरात? तीन कॅप्सूल. दोन दिवस पिवळ्या. तळाच्या दोन.

एसटीची वाट पाहिली नाही. रिक्षा केली, घरून डबा आणला आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर उपडा केला.

"सून खोटं बोलली, माझ्यासाठी. या सगळ्या मी दिल्यात. या तीन, या चार, आणि शेवटी या दोन. पुऱ्या कधीच न्हाई."

त्यांनी एकेक पट्टी उचलून नाव वाचलं, कागदावर लिहिलं. एका पट्टीवर थांबल्या. "आजी, मी सुरू केलेलं औषध याच जातीचं आहे. काल सांगितलं असतं तर कालच बदललं असतं."

"मला काय बोलायचं ते बोल, बाई. पण तिला उठव."

इंजेक्शन बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी शीलाच्या कपाळाला हात लावला तर घामानं चिंब, आणि गार. त्याच दिवशी रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी, आणि लागू पडतील अशी त्यात फक्त दोन. त्यातलं एक काल बदलून दिलेलंच. डॉक्टरबाई खुर्चीत मागं टेकल्या. मी भिंतीला टेकले.

संध्याकाळी शीलानं डोळे किलकिले केले. "आत्याबाई, इथली खिचडी लई पचपचीत हाय. घरून ठेचा आणा की."

एवढं गोड गाऱ्हाणं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ती उठून वेणी घालायला लागली. "मला आता बरं हाय. घरी जाऊ. तोडा आलाय."

"व्हय," संपत म्हणाला, "मॅडमला विचारून बघतो."

"विचारायचं काय त्यात?" मी म्हटलं. "इंजेक्शनं दहा सांगितलीत, दहा घ्यायची. टोमॅटो पिकून गळाले तरी चालतील. आणि शीला, ती पाण्याची बाटली सारी संपव आधी. रानात आडोशाला चार पत्रे तूच ठोकायचेस, संपत, या आठवड्यात."

संपत गालात हसला. "आई, अर्धं टोपण टाकलं तवा मला गाढव म्हणालीस."

"मग? तू गाढवच हाईस," मी म्हटलं. "आणि मी गाढवाची आई. आता बाटली भरून आण."