पैसे बघायचा वार

"अठरा आठवड्यांत छत्तीस नोंदी!" बँकेतल्या चष्मेवाल्या मॅडमनी पासबुक पुन्हा चाळलं. "दर शुक्रवारी सगळे पैसे काढता, सोमवारी पुन्हा भरता. का हो ताई?"

शिलाईवाली ओशाळली. "बघायला."

"काय बघायला?"

"आहेत का ते."

ही शिकवण तिच्या सासूची. सासूने पै-पै करून पिठाच्या डब्यात साठवलेली पुंजी सासऱ्यांनी एका दुपारी कुणाला न विचारता उचलून नेली होती. तेव्हापासून डोळ्याआड गेलेला पैसा तिच्या लेखी गेल्यातच जमा. म्हणून दर शुक्रवारी दोघी दार लावून नोटा चादरीवर मांडत, सासू त्यांच्यावरून हात फिरवी आणि मगच तिला घास गोड लागे.

पण आता शिलाईवालीला ओव्हरलॉकचं मशीन हवं होतं. शाळा साठ गणवेश शिवायला देणार होती, फक्त आतल्या कडेचे दोरे सुटता कामा नयेत. मशीनला कर्ज हवं, आणि कर्ज हवं तर तीन महिने खात्यातले पैसे हलवायचे नाहीत, असं मॅडमनी बजावलं.

"तीन महिने!" घरी सासूने कपाळाला हात लावला. "इतके दिवस तर मी नवऱ्यालाही मोकळं सोडलं नव्हतं. चल, मला बघू दे तुझी बँक."

दुसऱ्या दिवशी तिने काउंटरवर पासबुक आपटलं. "घरात मोठी मी. सुनेचे सगळे पैसे काढून दे."

"त्यांची सही लागेल, आजी."

"ती तापाने फणफणलीय."

"त्या तुमच्या मागेच उभ्या आहेत."

"बरं, माझा मुलगा आला तर? हिचा नवराच तो!"

"त्यांनाही नाही. खातं ताईंचं आहे."

सासूने आवाज चढवला, रांगेतल्या लोकांना साक्षीला बोलावलं, कोरडे डोळेही पुसून झाले. मॅडम ढिम्म हलल्या नाहीत. शिलाईवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन तर गेलंच, आता या बँकेत पुन्हा कुठल्या तोंडाने यायचं?

"म्हणजे मलाही नाही?" सासूने विचारलं.

"तुम्हालाही नाही."

सासूचा चेहरा एकदम उजळला. "खमकी आहेस गं पोरी!" ती सुनेकडे वळली. "राहू देत तीन महिने. ही बया कुणाच्या बापाला ऐकायची नाही."

मग तिने कमरेची पुरचुंडी सोडून काउंटरवर ठेवली. "माझंही खातं उघड. आणि ही मागायला आली, तर हिलाही द्यायचे नाहीत."

"नाही देणार. तुमच्या पश्चात पैसे कुणाला? नाव लिहावं लागतं."

सासूने आवाज खाली केला. तिचा खालचा आवाजही दारापर्यंत जायचा.

"हिचंच लिही. पण हिला सांगू नकोस."