कडेचे भोवरे

दोघी बहिणींपैकी थोरली वादळांचा अभ्यास करायची आणि धाकटीचा नवरा थोरलीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. नोकरी थोरलीनंच लावून दिली होती, आणि चारचौघांत ती त्याला ते विसरू देत नसे. ‘जावईबापू’ अशी हाक मारायची नि अवजड खोकी उचलायला लावायची. तो हसण्यावारी न्यायचा.

टोर्नेडोच्या पोटात हवा नेमकी कशी फिरते, ते मोजायचा तिनं ध्यासच घेतला होता. त्यासाठी जाड पत्र्याचं एक बुटकं यंत्र तयार झालं. ते वादळाच्या वाटेत ठेवायचं आणि धूम ठोकायची, एवढंच काम.

त्या दुपारी ढगातून सोंड उतरली, जमिनीला टेकली आणि सरळ त्यांच्या रस्त्याकडे सरकू लागली. मेहुण्यानं गाडीतून उतरता उतरता बोट दाखवलं. मोठ्या सोंडेच्या कडेकडेनं बारके भोवरे गरगरत होते. उठत होते, विरत होते. त्यातला एखादा इकडे वळला तर काय, असं त्यानं विचारलं.

सगळ्यात जोराचा वारा त्या बारक्या भोवऱ्यांतच असतो, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

“ते लगेच विरतात,” ती म्हणाली. “पाय लटपटत असतील तर सांग, धाकटीला फोन लावून देते.”

गाडीतले तिचे बाकीचे सहकारी हसले. त्यानं यंत्र उचललं.

ठेवलंही अगदी नीट. पाठ फिरवली तोच एक भोवरा रस्ता ओलांडून गेला. वादळ सरल्यावर बाकीचे त्याला शोधायला शेतात पांगले. थोरली यंत्राकडे धावली.

आठवड्यानं ती धाकटीकडे गेली. चहाचा कप बाजूला सारून तिनं टेबलावर बोटानं वर्तुळ काढलं. मधोमध हवा खाली उतरते, भोवतीनं वर चढते, आणि छोटे भोवरे त्या कडेवरून धावतात. इतकं स्वच्छ चित्र आपल्याला कधीच मिळालं नव्हतं, असं सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. यंत्रात माइक असतो, हे नवऱ्यानं तिला कधीतरी सांगितलं होतं.

“तो काही बोलला का गं?”

“हो. तुला हाक मारत होता.”

“मला ऐकव.”

“तो भाग पुसून टाकला. त्याच्यामुळे वाऱ्याचा आवाज नीट येत नव्हता.”

 मग थोरलीनं विचारलं, अहवालात छापायला त्याचा एखादा बरा फोटो मिळेल का. लहानपणापासून ताईनं मागितलेलं देऊन टाकायची धाकटीला सवय होती. ती उठली आणि फोटो आणायला आत गेली.