एकाच फांदीवरचे निरोप

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहणार नाही. एका वृद्ध पुस्तकबांधणीकाराच्या डोक्यातली मी एक जुनी चेतापेशी आहे, आणि परवा जे घडले त्याने मी अजून थरथरते आहे.

मला झाडासारख्या फांद्या आहेत. त्यांवर ठिकठिकाणी इतर पेशी येऊन टेकतात व निरोप देतात. पुरेसा जोर जमला तरच मी पेटते आणि निरोप पुढे धाडते. त्या पुस्तकबांधणीकाराची, म्हणजे माझ्या मालकांची, मुलगी लहानपणापासून त्यांच्याशेजारी बसून बांधणी शिकली. तिचा आवाज, पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा आंबूस वास आणि कागदाची सळसळ रोज एकदमच येत. म्हणून ते निरोप आणणाऱ्या पेशींच्या टेकण्याच्या जागा माझ्या एकाच फांदीवर, अगदी लगत वसल्या.

मग मालक आजारी पडले. माझ्या कितीतरी शेजारणी विझल्या. दवाखान्यातून घरी परतल्यावर त्यांनी मुलीलाच विचारले, "बाई, आपण कोणाकडच्या?"



भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. तो सारा गलबला माझ्या फांद्याफांद्यांवर विखुरला आणि वाटेतच विरला. तेव्हा मालकांच्या बहिणीने, मुलीच्या आत्याने, शिस्त लावली.

"दादाला एका वेळी एकच झेपेल. सकाळी तू बोल, खळ दुपारी हुंगायला दे."

"आत्या, औषधाचे डोस आहेत का ते?"

"वाद नको घालूस!"

फांदी तीच होती. पण एकेकटा निरोप तिच्यावर थरथरून मावळे.

परवा मुलीचा धीर सुटला. कामे तुंबलेली. खळीचे भांडे आणि छापील कागद घेऊन ती मालकांच्याच खोलीत बसली. कागद सळसळले, वास दरवळला, आणि ती वैतागली, "बाबा, हा पुठ्ठा बसतच नाही हो!"

इवले इवले निरोप, त्याच फांदीवर, शेजारी-शेजारी, एकाच क्षणी! फांदीत वीज कडाडली. त्यांच्या बेरजेहून कितीतरी मोठी. एवढ्या रिघेला जे साधले नाही, ते या तीन निरोपांनी केले! मी पेटले, उरलेल्या शेजारणी पेटल्या.

"अगं घाईबाई," मालक गरजले, "ओल्या खळीवर ओढाताण करतेस? हेच शिकवलं का मी तुला?"

तिच्या हातातला ब्रश गळला. "आत्या, धाव गं! बाबा मला रागावले!"

संध्याकाळी ते तिला पुन्हा विसरले. ती मात्र ताजी खळ कालवायला बसली.

मित्रांनो, मी हादरले ती याने: तेच निरोप, तीच मी, आणि तरी इतके दिवस मुकी! म्हणून विनवते, तुम्हाला विसरलेल्या माणसाला तुकड्यातुकड्यांनी भेटू नका. त्याच्याजवळ तुमचे जे जे एकत्र वाढले, ते एकत्र न्या. आत कोणीतरी फांदी पसरून बसलेले असेल.