शेवटच्या डब्यातले जावईबापू

चष्मेवाल्यांना नाही म्हणता येत नसे. गिऱ्हाइकाने दुकानातल्या झाडून सगळ्या फ्रेमा नाकावर चढवून पाहिल्या आणि शेवटी जुन्याच चष्म्याची काडी बसवून मागितली, तरी ते हसतमुखाने बसवून देत. त्यामुळे त्यांच्या मेहुण्यांनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने, सहलीचा बेत जाहीर केला तेव्हाही ते पटकन हो म्हणून बसले. मेहुणे मोठ्या हुद्द्यावर होते आणि सुट्टीवर जाताना हुद्दा घरी ठेवायची त्यांची पद्धत नव्हती. सकाळी महाल, दुपारी संग्रहालय, कुठल्या पायरीवर कोणी उभं राहून फोटो काढायचा, सगळं ठरलेलं. बरोबर सासूबाई, सासूबाईंचे गुडघे आणि चष्मेवाल्यांची बायको.

गाडीत बसून बूट काढतात न काढतात तोच पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ समोर उभे राहिले. "साहेब, माझा वरचा बर्थ आहे हो."

बायकोने डोळे वटारले. चष्मेवाल्यांनी तिकडे न बघता आपला खालचा बर्थ देऊन टाकला. वर चढणार, तेवढ्यात एक नवं जोडपं आलं. नवरा इथे, बायको डब्याच्या पार टोकाला. चष्मेवाले टोकाला गेले. टोकावर एका बाईला जुळी पोरं सांभाळायला शेजारच्या डब्यातली बहीण जवळ हवी होती. ते शेजारच्या डब्यात गेले. तिथे व्हॉलीबॉलचा अख्खा संघ बसला होता आणि त्यांचा कप्तान बिचारा शेवटच्या डब्यात एकटा पडला होता.

अशा रीतीने उशी काखोटीला मारून चष्मेवाले गाडीच्या शेपटाला पोचले. तिथे मात्र त्यांच्याकडे कोणी काही मागितलं नाही. चष्मा खिशात ठेवून ते गाढ झोपले.

सकाळी बायकोच्या फोनने जाग आली.

"अहो, आहात कुठे? आम्ही केव्हाचे उतरलोय."

"मी गाडीतच आहे."

"गाडी तर इथे रिकामी उभी आहे!"

चष्मेवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. झाडं भराभर मागे पळत होती. "माझी चाललीये," ते म्हणाले.

फोन मेहुण्यांनी ओढून घेतला. "भावोजी, घाबरू नका. जिथे आहात तिथेच थांबा."

"मी थांबलोच आहे, दादा. गाडी थांबत नाहीये."

समोरचे प्रवासी हे सगळं कान देऊन ऐकत होते. त्यांनी उलगडा केला. शेवटचे दोन डबे जंक्शनला तोडून दुसऱ्या गाडीला जोडतात. तसं तिकिटावर लिहिलेलं असतं.

"माझ्या तिकिटावर नाही."

"मग तुम्ही या डब्यात आलात कसे?"

उत्तर फार लांबलचक होतं.

गाडी जिथे संपली त्या गावात बघण्यासारखं काही नाही, असं खुद्द स्टेशनमास्तरांनीच सांगितलं. परतीची गाडी संध्याकाळी. आता दिवस कसा जाणार, या चिंतेने चष्मेवाले स्टेशनसमोरच्या न्हाव्याकडे दाढीला बसले आणि त्या खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. न्हाव्याने उठवलं नाही. उठल्यावर डोकं रगडून दिलं, मानेला पावडर लावली आणि मागच्या अंगाला तळं आहे, म्हणाला. तळ्यावरच्या नावाड्याला कंबरदुखी होती. त्याने वल्ही चष्मेवाल्यांच्या हातात दिली आणि स्वतः आडवा झाला. तासभर चष्मेवाले एकाच जागी गोल गोल फिरले, मग हळूहळू नाव सरळ जायला लागली.

"ती पलीकडची इमारत कसली?" त्यांनी विचारलं.

"ती? पाण्याची टाकी."

"कोणी बांधली?"

"कोणास ठाऊक!"

चष्मेवाल्यांना त्या टाकीबद्दल एकदम माया वाटली. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "जेवलात का काही?"

"कुठलं जेवण आणि कुठलं काय!" चष्मेवाले तोंड पुसत म्हणाले. नावाड्याने आपल्या डब्यातलं अर्धं त्यांना नुकतंच वाढलं होतं.

रात्री ते लॉजवर पोचले, तेव्हा तिथली मंडळी हातपाय गाळून बसली होती. महाल डागडुजीसाठी बंद होता. संग्रहालयाच्या रांगेत मेहुण्यांना चक्कर आली होती. सासूबाईंचे गुडघे टम्म सुजले होते. तरीही चष्मेवाल्यांना पाहताच सगळे आपलं दुःख विसरले. "काय हाल झाले हो तुमचे!" असं जो तो म्हणू लागला. चष्मेवाल्यांनी खांदे पाडले. नाही कसं म्हणणार?

खोलीचं दार लागल्यावर बायको जवळ आली आणि थबकली. "मानेला वास कसला? पावडर?"

चष्मेवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली.

"वल्ही तुम्ही मारलीत?"

"हो."

"आणि मी उन्हात ढीगभर पायऱ्या चढून कुलूप बघून आले." तिने दाराला कडी घातली. मग हळूच म्हणाली, "उद्या तुम्ही आजारी पडायचं. मी तुमच्यापाशी थांबते. दादा आईला घेऊन निघाला की आपण सटकायचं."

सकाळी चष्मेवाले पांघरूण घेऊन बेताने कण्हले. बायको म्हणाली, "दादा, यांना कालचं बाधलंय. मी थांबते."

मेहुणे विचारात पडले, पण सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "तू कशाला? एवढ्या लांब आलीस ती खोलीत बसायला? जावईबापूंजवळ मी आहे. तू जा दादाबरोबर."

"अगं, पण आई..."

"जा म्हणते ना!"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आढ्याकडे पाहिलं. भाड्याच्या मोटारगाडीच्या मागच्या काचेतून ती वळणापर्यंत लॉजकडे बघत होती, असं नंतर तिनेच सांगितलं.

सासूबाईंनी ओली पट्टी जावयाच्या कपाळावर ठेवली, खिडकीशी जाऊन गाडी गेल्याची खात्री केली आणि परत येऊन पट्टी उचलली.

"उठा आता. ताप नाही न् काही नाही."

"अहो, मी..."

"आजारी माणूस सकाळी शीळ घालत दाढी करत नाही. मलाही नकोय तो आजचा दुसरा महाल. काल एक दार पाहिलं, पुष्कळ झालं. खाली रस्त्यावर सोफ्यांचं दुकान आहे. नुसतं बसून बघू देतात, म्हणे."

दोघांनी सकाळभर सोफे बसून पाहिले. सासूबाईंना एक निळा फार आवडला, त्यावर त्या तीनदा बसल्या. दुकानदार कंटाळला, तेव्हा ते शेजारी आरामखुर्च्यांच्या दुकानात गेले. मुलांच्या शाळा, मेलेली माणसं, मेहुण्यांचं लहानपण, कुठल्या कुठल्या गोष्टी निघाल्या. मेहुणे लहानपणी खेळातली आगगाडीसुद्धा वेळेवर सोडायचे, हे ऐकून चष्मेवाले इतके हसले की खुर्चीसकट मागे कलंडले.

संध्याकाळी गाडीचा आवाज आला, तेव्हा चष्मेवाले पांघरुणात होते. बायको आत आली. चेहरा उन्हाने रापलेला, चप्पल हातात. तिने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला.

"गार आहे अगदी."

"असणारच," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर पट्ट्या बदलत होते मी. हात गळून आलेत नुसते."